50 जणांचा क्लॅन अन् एका रात्रीत 17 किक: आमच्या गावच्या क्लॅनचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाइल गेम खेळणाऱ्या एका गावच्या क्लॅनचं आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, नाव देत नाही, क्लॅनचं नाव अन् टॅग पण देत नाही, माणसं त्यांच्या कामावरून ओळखा. मी या क्लॅनमधे को-लीडर होतो अन् अजून आहे, म्हणजे जे लिहितोय ते आतून पाहिलेलं आहे अन् काही निर्णयांमधे माझा पण हात आहे. विदर्भातल्या बऱ्याच गावांत असे क्लॅन आहेत, आमच्यासारखंच बिघडून राहिलं असेल तर कामी येईल म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

गेम तसा जुना, फिनलंडच्या सुपरसेल कंपनीनं 2012 मधे काढला, अँड्रॉइडवर 2013 मधे आला. पण आमच्या गावात तेव्हा कोण खेळणार, टॉवरची एक कांडी यायची अन् ती पण शाळेच्या गच्चीवर. सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, डेटा फुकट झाला अन् त्यानंतर वर्षभरात गावातल्या अर्ध्या पोट्ट्यांच्या फोनमधे हा गेम होता. 2017 च्या उन्हाळ्यात जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात बसून 9 जणांनी क्लॅन काढला. ज्यानं काढला तो लीडर, त्याला आपण लीडरभाऊ म्हणू.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्लॅन म्हणजे खेळाडूंचा गट, त्यात जास्तीत जास्त 50 जण बसतात. दोन क्लॅन एकमेकांच्या बेसवर, म्हणजे गेममधल्या गावांवर, अटॅक करतात ते वॉर, अन् एका अटॅकमधे जास्तीत जास्त तीन स्टार मिळतात. चार पदं असतात, मेंबर, एल्डर, को-लीडर अन् लीडर. लीडर एकच. एल्डर साध्या मेंबरला काढू शकतो, को-लीडर एल्डरला अन् मेंबरला दोघांना काढू शकतो, वॉर लावू शकतो, पण को-लीडरला खाली उतरवायचा अधिकार फक्त लीडरला. हे लक्षात ठेवा, पुढं सगळं इथंच अडलं.

आमचा क्लॅन नातेवाइकीनं वाढला. याचा मामेभाऊ वर्ध्याचा, त्याचा साळा वाशिमचा, कोणी पुण्याला कंपनीत गेलेला. जो आला त्याला दोन महिन्यांत एल्डर, कारण "एल्डर दे ना भाऊ" असं कोणी म्हटलं की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. को-लीडर 6 झाले. 2020 च्या लॉकडाऊनमधे तर 50 च्या 50 भरलेले, 30 विरुद्ध 30 चं वॉर संपलं की लगेच दुसरं. पबजी सप्टेंबर 2020 मधे बंद झालं तेव्हा बरेच पोट्टे परत आले, फेब्रुवारी 2022 ला फ्री फायर बंद झालं तेव्हा आणखी काही आले. हे पोट्टे हुशार, हात फास्ट, पण दहा मिनिटांत निकाल लागायची सवय लागलेली. दुसऱ्याचा कॅसल भरून देणं (म्हणजे त्याच्या मदतीला आपलं सैन्य देणं, यालाच डोनेशन म्हणतात), आदल्या दिवशी सैन्य तयार ठेवणं, कोण कोणता नंबर मारणार ते ठरवून घेणं, यात त्यांचं मन लागत नव्हतं.

मधल्या काळात लीडरभाऊ चाकणला कंपनीत लागला. शिफ्ट ड्युटी. क्लॅन त्याच्याच नावावर, पण दिवसेंदिवस ऑनलाइन नाही.

बिघडायला कुठून लागलं

2023 च्या पावसाळ्यापर्यंत लोक अटॅक चुकवायला लागले होते. वॉरमधे प्रत्येकाला दोन अटॅक असतात, 20 विरुद्ध 20 म्हणजे 40 अटॅक, त्यातले दहा-बारा रोजच्यासारखे वाया जायचे. समोरचा क्लॅन आपल्यापेक्षा कच्चा असून जिंकून जायचा अन् ग्रुपवर रात्री शिव्या सुरू.

लीग वॉरमधे तर वेगळंच. दर महिन्याच्या सुरुवातीला लीग असते, 8 क्लॅनचा गट, 7 दिवस 7 वॉर, प्रत्येकाला दिवसाला एकच अटॅक. यात एका खेळाडूनं आठवडाभरात 8 स्टार काढले की त्याला त्याच्या वाट्याचे पूर्ण मेडल (गेममधल्या वस्तू घ्यायला कामी येणारं बक्षीस) मिळतात. आमच्यातल्या पक्क्या खेळाडूंचे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच 8 स्टार व्हायचे अन् मग ते गायब. गेमच्या नियमात त्यांचं काही चुकत नव्हतं, पण शेवटचे तीन वॉर क्लॅन अर्ध्या ताकदीनं लढायचा.

वरून बोनस मेडल. लीग संपली की काही जणांना जास्तीचे मेडल देता येतात, जिंकलेल्या प्रत्येक वॉरमागे एक बोनस वाढतो, अन् ते कोणाला द्यायचे हे लीडर अन् को-लीडर ठरवतात. आमच्यात ते कसे ठरायचे? जो को-लीडर आधी स्क्रीन उघडेल तो आपल्या माणसाला देऊन मोकळा. लीडरभाऊच्या चुलतभावाला सलग तीन महिने बोनस मिळाला अन् तिन्ही महिने त्यानं अटॅक चुकवले होते. कोणी तोंडावर बोललं नाही. पण डोनेशन कमी झालं, कॅसल रिकामे राहायला लागले, लोकांनी आपापल्या परीनं उत्तर दिलं असं मी आता म्हणतो.

ऑक्टोबर 2023 च्या लीगमधे आम्ही क्रिस्टल 3 मधून गोल्ड 1 ला, म्हणजे एक पायरी खाली घसरलो. चार वर्षांची कमाई गेली असं वाटलं तेव्हा. आज हसू येईल कोणाला, पण त्या आठवड्यात दोघं जण माझ्याशी नीट बोलत नव्हते.

ती रात्र

ऑक्टोबरचा मध्य. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना सांगायला नको, सोयाबीनची सोंगणी होऊन गंज्या लागलेल्या, थ्रेशरचा नंबर लागायची वाट, वरून परतीचा पाऊस डोक्यावर. अशा दिवसांत आमचं एक वॉर दुपारी 3 वाजता संपलं. 40 पैकी 13 अटॅक झालेच नाहीत, दोन स्टारनं हरलो.

आमचा सगळ्यात धाकटा को-लीडर, यवतमाळला बीएस्सीला आहे, क्लॅनमधला सगळ्यात चांगला अटॅकर, तीन स्टारशिवाय बोलत नाही. त्याचं डोकं फिरलं. रात्री 11 वाजून 40 मिनिटांनी त्यानं एकेकाला किक करायला सुरुवात केली. मी जागा होतो. मेंबरचा आकडा 50 वरून 46, मग 41, मग 38, मी त्याला फोन लावतोय, तो कट करतोय, लीडरभाऊ नाइट शिफ्टला, त्याचा फोन लॉकरमधे. मला त्याला थांबवता येत नव्हतं कारण तो पण को-लीडर अन् मी पण को-लीडर. 33 वर येऊन आकडा थांबला. मग त्यानं व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "ज्याले खेळाचं नाही त्यानं शेती करावी."

हे वाक्य सगळ्यात जास्त लागलं. कारण काढलेल्या 17 पैकी बरेच जण त्या वेळी खरंच शेतात होते. त्यातल्या एकानं सकाळी 6 वाजता व्हॉइस मेसेज टाकला, मागं थ्रेशरचा आवाज येत होता, "माह्या सोयाबीनची गंजी भिजून राह्यली होती अन् तू मले शेती कर म्हणतं? मंग मी काय करून राह्यलो होतो बे?" हा माणूस 2017 च्या पहिल्या 9 मधला.

काय काय करता आलं असतं

रविवारच्या बाजाराच्या दिवशी पानठेल्याच्या मागं आम्ही बसलो. मी, आमच्या शाळेवरचे गुरुजी (चाळिशीचे आहेत, शांतपणे खेळतात, एक अटॅक चुकवत नाहीत), अजून दोन को-लीडर, अन् लीडरभाऊ फोनवर स्पीकर लावून. दोन तास गेले.

लीडरभाऊचं म्हणणं एकदम सरळ, "त्याले आत्ताच्या आत्ता काढतो." खरं सांगतो, आमच्यापैकी तिघांना ते पटलं होतं. गुरुजी म्हणाले, "त्यानं न विचारता 17 काढले म्हणून आपण त्याले न विचारता काढायचं, मंग फरक काय राह्यला?" लीडरभाऊ थोडा वेळ गप्प राहिला.

दुसरा विचार असा की जुना क्लॅन सोडून द्यायचा अन् ज्यांना खरंच खेळायचं त्या वीसेक जणांनी नवीन काढायचा. ऐकायला सोपं. पण क्लॅनची लेव्हल वॉर खेळून खेळून हळूहळू वाढते, वरच्या लेव्हलच्या क्लॅनमधे डोनेट केलेलं सैन्य पण वरच्या लेव्हलचं होऊन मिळतं, हे सगळं शून्यावर जातं. अन् गावात दोन क्लॅन झाले की ते गेममधे राहणार नाहीत, पोळ्याच्या तोरणाखाली पण दोन गट उभे राहतील. आमच्या गावाला ते नवीन नाही.

शेजारच्या तालुक्यातल्या एका तगड्या क्लॅनमधे विलीन व्हायचा पर्याय पण आला होता. त्यांचा लीडर माझ्या ओळखीचा. पण ते फक्त वरच्या टाउन हॉलवाले (टाउन हॉल म्हणजे बेसची मुख्य इमारत, तिच्या लेव्हलवरून खेळाडू किती पुढं गेला ते कळतं) घेणार होते, म्हणजे आमच्यातले 12-13 जण जाणार, बाकीचे रस्त्यावर. मी या पर्यायाच्या बाजूनं होतो हे लिहून ठेवतो. माझा स्वतःचा बेस बसत होता म्हणून असेल.

अन् चौथं, कडक नियम. एक अटॅक चुकला वॉर्निंग, दुसरा चुकला किक. बहुतेक क्लॅनमधे हेच असतं. मीच म्हटलं की हे करू. त्यावर गुरुजींनी विचारलं की चुकवतात तर काहून चुकवतात, कोणाला विचारलं का कधी? कोणीच विचारलं नव्हतं. सहा वर्षांत एकदाही नाही. "आळशी झाले" एवढंच आम्ही एकमेकांना सांगत होतो.

पहिला निर्णय: ज्यानं काढलं त्यानंच आणायचं

ठरलं असं की धाकट्याला को-लीडर ठेवायचं, पण 17 च्या 17 जणांना त्यानं स्वतः फोन करायचा, प्रत्येकाला गेममधून इन्व्हाइट पाठवायचा, अन् जे गावात आहेत त्यांना भेटून सांगायचं. नाही जमलं तर लीडरभाऊ त्याला मेंबर करेल. तो तीन दिवस कोणाशी बोलला नाही, चौथ्या दिवशी बसनं गावात आला.

सोयाबीनवाल्या दादाकडे मी त्याच्यासोबत गेलो होतो. थ्रेशर सुरू होतं, धुरळ्यात माणूस ओळखू येत नव्हता. दादानं पाहिलं, बोलले नाहीत, कट्ट्याचं तोंड त्याच्यासमोर धरलं फक्त. यानं धरला. तास-दीड तास हा कट्टे धरून उभा होता, केसात कानात सगळा भुसा. बाजूच्या बाभळीला दादांचा फोन पिशवीत टांगलेला होता, पिशवीतून काढून पाहिला तर बॅटरी 4 टक्के अन् वर नेटवर्कच्या जागी फुली. चहा प्यायला बसलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, माह्यं चुकलं." दादा म्हणाले, "चुकलं ते चुकलं, आता इन्व्हाइट पाठव, रात्री घरी गेल्यावर घेतो."

17 पैकी 12 त्याच आठवड्यात परत आले, 3 दिवाळीपर्यंत आले, 2 कधीच आले नाहीत.

दुसरा निर्णय: वही

मी 100 पानी वही घेतली अन् एकेकाला फोन करून एकच विचारलं, अटॅक चुकतो तेव्हा तू कुठं असतो. वीस दिवस लागले. यात जे निघालं ते मला आधी माहीत असतं तर अर्धी भांडणं झाली नसती.

शेतीच्या पंपाची लाईन आमच्याकडे पाळीनं येते, कधी दिवसा कधी रात्री. हरभरा-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत ज्यांची रात्रीची पाळी ते रात्रभर विहिरीवर, दिवसा झोपणार, त्यांच्यासाठी दुपारी 3 ला संपणारं वॉर म्हणजे झोपेत संपणारं वॉर. एकानं सांगितलं की त्यानं एकदा पंपाजवळ बसून अटॅक सुरू केला, तेवढ्यात लाईन आली, स्टार्टर दाबायला उठला, परत आला तर नेटवर्क गेलेलं अन् अटॅक एका स्टारवर संपलेला. त्यानंतर तो शेतातून अटॅकच करत नाही, शिव्या खाण्यापेक्षा चुकलेला बरा. चौघांकडे स्वतःचा फोन नव्हता, भावाचा किंवा बापाचा. दोघं बारावीचे. त्यातल्या एकाची आई मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली होती, "भाऊ, तुमचे फोन येतेत अन् पोट्टं पुस्तक ठेवते," तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं, वहीत ते नाव लिहिताना बरोबर वाटलं नाही.

अन् 9 जण असे निघाले की त्यांना खेळायचंच नव्हतं. मग क्लॅन का सोडत नाही? "वाईट दिसते ना भाऊ, लीडरभाऊले काय वाटंल." भिडेपोटी दोन-दोन वर्षं बसलेले. वॉर लावताना आम्ही त्यांची नावं घ्यायचो, ते अटॅक करायचे नाहीत, आम्ही शिव्या द्यायचो, ते भिडेपोटी ऐकून घ्यायचे.

एक गोष्ट अजून कळली. आमच्यातला सगळ्यात जास्त डोनेशन देणारा एक आयडी होता, दुपारी 12 ते 3 मधे सगळ्यांचे कॅसल भरून द्यायचा. तो आयडी ज्याच्या नावावर, तो तर ट्रॅक्टरवर असतो दिवसभर. त्याला विचारलं तर म्हणाला, तुमची वहिनी खेळते. दीड वर्षापासून. स्वयंपाक-धुणं आटोपलं की दुपारी. आम्ही सगळे तिला ग्रुपवर "भाऊ, कॅसल भरा ना" म्हणत होतो अन् ती भरत होती.

वॉरचं घड्याळ

वहीतून सगळ्यात पहिलं काय बदललं तर वेळ. वॉर सर्च केल्यावर 23 तास तयारीचा दिवस असतो, मग 24 तास लढाईचा. आम्ही ज्याला जेव्हा आठवण यायची तेव्हा सर्च लावायचो. आता ठरवलं की सर्च फक्त शनिवारी रात्री 11 ला. म्हणजे लढाई रविवारी रात्री 10 च्या आसपास सुरू अन् सोमवारी रात्री 10 ला संपणार. रविवारी जेवण झाल्यावर एक अटॅक, सोमवारी शेतातून आल्यावर 7 ते 10 मधे दुसरा. आठवड्याला एकच वॉर. लीगचं पण तसंच, साइनअप सुरू झाल्यावर सर्च रात्री लावायचा म्हणजे पुढचे सातही दिवस वॉर रात्रीच बदलतं.

धाकट्याचा अन् पबजीवाल्या पोट्ट्यांचा याला विरोध होता, आठवड्याला एक वॉर म्हणजे काय खेळणं, अन् त्यांचं पण खरं आहे, त्यांच्याकडे वेळ आहे. त्यांच्यासाठी मधल्या दिवसांत फ्रेंडली चॅलेंज ठेवले, क्लॅनमधल्या क्लॅनमधे एकमेकांचे बेस मारायचे, त्यात काही खर्च होत नाही.

दुसरं म्हणजे वॉरसाठी हिरवं-लाल. प्रोफाइलमधे आपण वॉरमधे आहोत की नाही हे प्रत्येकाला स्वतः लावता येतं. आमच्याकडे कोणी लाल केलं की ग्रुपवर "घाबरला का" सुरू व्हायचं. ठरवलं की लाल केलेल्याला कारण विचारायचं नाही. रात्रीची लाईन, थ्रेशर, कापसाचा वेचा, घरी लग्न, काहीही असो. पण हिरवं ठेवून अटॅक चुकवला तर पुढच्या वॉरला नाव नाही. बारावीच्या दोघांना जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत लाल, अन् कोणी त्यांना फोन करायचा नाही, हे मी त्या माउलीला घरी जाऊन सांगून आलो.

मेडलची यादी अन् खरं भांडण

डिसेंबरच्या लीगआधी बोनसचा नियम लिहून वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. ज्या दिवशी नाव आहे त्या दिवशी अटॅक झालाच पाहिजे, एक जरी चुकला तर बोनस नाही. त्यानंतर आपल्याएवढ्या किंवा वरच्या टाउन हॉलवर काढलेले स्टार. बरोबरी झाली तर ज्याचं डोनेशन जास्त त्याला. 15 विरुद्ध 15 खेळायचं, अन् ज्याचे 8 स्टार झाले त्याला पुढच्या दिवशी बसवून दुसऱ्याला संधी, म्हणजे त्याला पण 8 गाठता येतील. यावर दोन दिवस वाद झाला, कारण पक्के खेळाडू बसवले तर वॉर हरू शकतो. मधला मार्ग म्हणून ठरलं की रोज जास्तीत जास्त तिघांना बसवायचं.

लीग संपली, यादी लावली. पहिल्या नावात वहिनीचा आयडी. लीडरभाऊच्या चुलतभावाचं नाव नाही, त्याचे दोन अटॅक चुकले होते.

चुलतभावानं थेट चाकणला फोन लावला. लीडरभाऊनं मला फोन केला, रात्री साडेअकराला, शिफ्टच्या ब्रेकमधे. म्हणाला, "काका बोलले मले, एवढ्या-तेवढ्यासाठी घरात कटकट, देऊन टाक ना त्याले एक." मी काही बोललो नाही, मला सुचलंच नाही. तोच पुढं म्हणाला, "तुह्या वहीत काय आहे?" मी सांगितलं, दोन चुकले. मग बराच वेळ मागं मशीनचा आवाज. "मंग नको देऊ."

या पूर्ण प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला विचाराल तर हाच, अन् तो मी घेतलेला नाही. त्या रात्री त्यानं चुलतभावाला बोनस दिला असता तर वही कचऱ्यात गेली असती. चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी क्लॅन सोडून गेला, सोबत दोन मित्र घेऊन गेला. घरच्यांमधे काही बिनसलं असं झालं नाही, काका माझ्याशी पहिल्यासारखेच बोलतात.

निकाल

मार्च 2024 पर्यंतचं सांगतो. मेंबर 50 वरून 34 वर आले, त्या 9 जणांना मी एकेकाला सांगितलं की बाबा, मोकळं व्हा, कोणाला वाईट वाटणार नाही, त्यातले 7 गेले अन् दोघं म्हणाले थांबतो, आता खेळतात. 15 च्या वॉरमधे 30 पैकी एखादा-दुसरा अटॅक चुकतो, काही वॉर पूर्ण 30 झाले. जानेवारीच्या लीगमधे परत क्रिस्टल 3 ला चढलो. को-लीडर 6 चे 4 केले, त्यात वहिनी आहे. सुरुवातीला दोघा-तिघांना ते खटकलं, एकानं "आता बाई सांगंल का कोणता नंबर मारायचा" असं म्हटलं, त्याला सोयाबीनवाल्या दादानी ग्रुपवरच उत्तर दिलं, "कॅसल भरून मागतं तवा नाही आठवलं?" नंतर तो विषय निघाला नाही.

धाकटा अजून को-लीडर आहे. बुधवारी रात्री फ्रेंडली चॅलेंज लावून खालच्या टाउन हॉलवाल्यांना अटॅक शिकवतो, आधी कुठला कोपरा साफ करायचा, कॅसलमधलं सैन्य कसं बाहेर ओढायचं, हिरोची ताकद कधी दाबायची. किक करायच्या आधी दुसऱ्या एका को-लीडरला विचारायचं हा नियम सगळ्यांसाठी आहे, गेममधे तसं बंधन लावता येत नाही, आपसातलंच आहे, आतापर्यंत पाळला गेला.

परत करायची वेळ आली तर

एक गोष्ट मी नक्की वेगळी करेन. नोव्हेंबरमधे पदं साफ करायच्या नादात आम्ही एका संध्याकाळी सगळ्या एल्डरना मेंबर करून टाकलं, जवळपास 20 जण. विचार असा की सगळे एका रेषेत, मग जो काम करेल तो वर. कागदावर बरोबर. पण पहिल्या 9 मधले चौघं त्यात होते, त्यांना फोनवर नोटिफिकेशन आलं की तुमचं पद कमी झालं, आमच्याकडून एक शब्द नाही. महिन्याभरापूर्वी न सांगता किक केलं म्हणून आम्ही एका पोट्ट्याला 17 दारांवर पाठवलं अन् तेच आम्ही पाच जणांनी मिळून केलं. सोयाबीनवाले दादा त्यात होते. ते काही बोलले नाहीत, पण दोन आठवडे डोनेशन दिलं नाही. मी जाऊन बोललो तेव्हा म्हणाले, "पदाचं नाही रे, सांगून करायचं असते." आधी सांगायला एक क्लॅन मेल पुरला असता.

दुसरं, को-लीडरची संख्या आधी कमी करायला पाहिजे होती, भांडण व्हायच्या कितीतरी आधी. 6 जणांकडे 43 जणांना काढायचा अधिकार होता अन् त्यातले तिघं महिनोन्महिने ऑनलाइन नव्हते. एखाद्याचा फोन हरवला असता, कोणाच्या हाती लागला असता, तरी तेच झालं असतं.

अन् ते दोघं जे परत आलेच नाहीत. एक कामाला नागपूरला गेला, त्याचं समजू शकतो. दुसरा शेजारच्या पोडावरचा (पोड म्हणजे आदिवासी वस्ती), बाजारात दर रविवारी दिसतो, रामराम करतो, गेमचा विषय काढत नाही. त्याला धाकट्यानं फोन केला होता पण घरी कोणी गेलं नाही, पोड लांब पडते म्हणून. मी जायला पाहिजे होतं. तो रोज रात्री सगळ्यांच्या आधी अटॅक करायचा.

लीडरचं पद अजून चाकणलाच आहे. माझं मत आहे की ते गावात राहणाऱ्या कोणाकडे तरी यायला पाहिजे, कारण पद देणं-काढणं त्याच्या हातात अन् तो शिफ्टमधे. गुरुजींना विचारलं तर ते नाही म्हणतात, इलेक्शन ड्युटी अन् शाळा. लीडरभाऊला सरळ मागायची हिंमत माझी होत नाही, शाळेच्या व्हरांड्यात क्लॅनचं नाव त्यानं टाइप केलं तेव्हा मी बाजूला बसलो होतो. एवढं मात्र करून घेतलं की त्यानं अकाउंट सुपरसेल आयडीला जोडलं, म्हणजे फोन गेला तरी क्लॅन जाणार नाही. महालक्ष्म्यांना तो दोन दिवस गावात येतो, जेवणाच्या पंगती आटोपल्या की गुरुजी विषय काढणार आहेत, मी सोबत बसेन.